बरणीतला साप

आमचे कंपाउंडरकाका म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातलं सगळ्यात जालीम विष. सापाच्या विषावर निदान इंजेक्शन तरी निघालंय. कुत्र्याच्या जखमेवर हळद थापून आणणाऱ्या बाईंना ते म्हणाले होते, "मीठ राहिलंच की, ताई." मी इथे नवी डॉक्टर होते, सलाईनसाठी शीर सापडेना, तेव्हा मलाही प्रसाद मिळाला, "डॉक्टरबाई, शीर पायात असते, पुस्तकात नाही."

पण साप चावलेलं कुत्रं आलं की काकांसारखा माणूस नाही. सूज जिथवर चढली असेल तिथले केस कापायचे, बॉलपेनने रेघ मारायची, शेजारी वेळ लिहायची. सुजेने रेघ ओलांडली की मला हाक. मग मी आणखी इंजेक्शन देते.

परवा दुपारी निवृत्त हेडमास्तर आले. बायको गेल्यापासून घरात ते आणि त्यांची म्हातारी कुत्री, एवढंच बिऱ्हाड. हातात काचेची बरणी, बरणीत मेलेला साप. कुत्री बाहेर गाडीत पडलेली. चावून दीड तास झाला होता. तो दीड तास सरांनी लाकडांचा ढीग उपसून आरोपीला पकडण्यात घालवला, का तर निदान अचूक हवं.

"वा," काका कुत्रीला उचलून आणत म्हणाले. "आधी हिला बघू, की पाहुण्याचं नाव रजिस्टरात लिहू?"

इथल्या सगळ्या विषारी सापांच्या विषावर एकच इंजेक्शन चालतं, हे मी सरांना सांगितलं. त्यांनी बरणी बाकाखाली सरकवली.

पुढचा पाय खांद्यापर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. पहिली रेघ अडीचची. मग पावणेतीनची, मग तीनची. फ्रिजमधली होती नव्हती ती सगळी इंजेक्शनं मी दिली. चारला रेघ मारायला जागा उरली नाही. पाचला कुत्री गेली.

"मी उशीर केला का हो?" सरांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "छे हो, सर. सापच तसला होता. लगेच आणली असती तरी हेच झालं असतं."

सर बराच वेळ तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, मग तिला घेऊन गेले.

"खरं सांगायला हवं होतं," मी चिडून म्हणाले. मला रडू येत होतं. "पुढच्या वेळी तरी..."

"पुढची वेळ कुठली, डॉक्टरबाई?" काका टेबल पुसत म्हणाले. "आज त्या घरात एकटेच झोपणार आहेत ते."