आवड त्यांची, व्यसन आमचं

"हे बघा तुमच्या मुलीचं व्यसन!" मुख्याध्यापिका बाईंनी भिंतीवरच्या चार्टवर पट्टी आपटली. सगळ्या पालकांसमोर. माझे बाबा मागे उभे होते, सराफ्यातल्या दुकानाच्या चौकीदाराच्या वर्दीत. खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी उभेच.

त्या वर्षी आमच्या दाना ओली मोहल्ल्यातली सरकारी शाळा बंद करून या मोठ्या शाळेत विलीन केली होती. मी आठवीत. इथं आम्हाला 'मर्जरवाले' म्हणत.

आल्याआल्या सगळ्या शाळेकडून एक फॉर्म भरून घेतला. 'तुम्ही कधी व्हिडिओ गेम खेळला आहात का?' वर नाव लिहून मी 'हो'वर खूण केली. किला गेट भागात मावसबहिणीच्या लग्नात कुणाच्या तरी मोबाइलवर खेळले होते. एकदाच. खरं लिहायचं, हे बाबांनीच शिकवलेलं. त्या उत्तरांचाच हा चार्ट.

बाई जुन्या संस्थानातल्या दरबारी घराण्यातल्या. मराठी अगदी साफ. म्हणाल्या, "तुम्हा लोकांत मुलांकडे लक्ष देतं कोण?"

बाबांनी हात जोडले. "मॅडमजी, गलती हो गई." घाबरले की त्यांच्या तोंडी हिंदीच येते.

वाटलं, आता मला शाळेतून काढतील. बाबांकडे बघवेना, म्हणून चार्टकडे बघत राहिले. आणि वाचलं. या शाळेतल्या जुन्या मुलांच्या खांबावर लिहिलं होतं, 'गेमची आवड'. आमच्या खांबावर, 'गेमचं व्यसन'. त्यांचा खांब आमच्यापेक्षा उंच होता.

मग 'मर्जरवाल्यां'ना माफीनाम्यासाठी कोरे कागद वाटले. मी उठले.

"बाई, फॉर्म तर एकच होता ना? मग शब्द दोन का?"

बाईंच्या तोंडची मराठी गेली. "बैठ जाओ!"

मी कोरा कागद टेबलावर ठेवला. कोराच.

वाटेत बाबा म्हणाले, "कशाला बोललीस? नाव काटून देतील तुझं."

"काटू देत, बाबा. मी खरं लिहिलंय. माफी नाही लिहिणार."

नाव काही काटलं नाही. चार्टही उतरवला नाही. वर्षभर त्याच्याखालून ये-जा केली, छातीत धडधडत.

ती धडधड आजही आहे. कुणी आकडे दाखवून आमच्यासारख्यांच्या मुलांबद्दल बोलू लागलं, की ती वाढते. तरी विचारते. प्रश्न काय होता? कुणाकुणाला विचारला? आणि आम्हालाच नावं का ठेवली?

उत्तर नसेल, तर तो आकडा मी मानत नाही.