दुधाला नाही म्हणणारा पाव्हणा

मला एक सांगा, माणसानं भरवसा कशावर ठेवावा? समोरचा काय बोलतो त्यावर, का काय खातो त्यावर? मी आपला जन्मभर खाण्यावरच ठेवत आलो, आणि त्यापायी पोरीच्या बैठकीत असा तोंडावर आपटलो की अजून नाक चोळतोय!

येरमाळ्याजवळ माझी खव्याची भट्टी. गोठ्यात बारा म्हशी, बाकीचं दूध गावातून येतं. शाळा सातवीपर्यंतच, पण खवा चिमटीत धरला की भेसळ सांगतो. माणूसही तसाच ओळखता येतो, अशी माझी घमेंड.

तर आमच्या स्वातीला बघायला तेर गावचं स्थळ आलं. पोरगा निखिल, पुण्यात नोकरीला. सोबत त्याचे वडील भगवानराव. स्वातीला तो फोटोतच पसंत पडलेला. आता नाट लागू नये, एवढंच आमचं चाललेलं. बायकोनं तर खोलीला नवे पिवळे पडदे लावले.

"घ्या पाव्हणं, पेढा घ्या. घरचाय."

"नको काका."

"मग चहा?"

"बिनदुधाचा असेल तर चालेल."

बासुंदी? नको. दही? नको. तुपाच्या वाटीवर तर हातच आडवा!

अहो, खव्याच्या व्यापाऱ्याच्या घरात दुधाला नको म्हणायचं? सराफाच्या पेढीवर जाऊन पितळ मागण्यातला प्रकार!

माझं डोकं लागलं पळायला. आमच्याकडं कावीळ झाली की लोक गावठी औषध घेतात, आणि मग दूध-तूप बंद. म्हणजे पथ्य! पोरगं आजारी आहे आणि बाप लपवतोय!

"पाव्हणं, डोळ्यात कुसळ गेल्यालं दिसतंय," म्हणत मी जवळ सरकलो आणि सरळ त्याची पापणी खाली ओढली. डोळा पिवळाधमक! नखं बघितली, तीही पिवळी! मग मी कसला थांबतोय?

"भगवानराव, आजार झाकून सोयरीक करताय व्हय?"

भगवानराव ताडकन उठले. "कुणाला आजार? ऊठ रे निखिल! हितं पाणी बी प्यायचं न्हाय!"

स्वाती दारातच रडवेली झाली. तेवढ्यात आमची मंडळी आतून आली. "अवो, काय चाललंय तुमचं?"

"कावीळ हाय ह्याला! डोळं बघ!"

"पडदं पिवळं हायेत! आरशात बघा, तुमी बी हळद लावल्यावानी दिसताय!"

पडदा सारला. पोरगं लख्ख गोरंगोमटं! मी खाली बघायला लागलो.

निखिल मात्र शांत. "काका, मला काही झालं नाही. दूध वासराचं असतं, म्हणून तीन वर्षांपूर्वी सोडलं."

भगवानराव करवादले, "आमच्या घरी बी रोज हीच कटकट! मटण सोडलं, म्हनलं बरं झालं, पोरगं माळकरी निघालं. तर ह्यानं ताक बी सोडलं!"

आता इथं माफी मागून गप्प बसायचं की नाही? पण व्यापारी माणूस! मालाला नाव ठेवलं की अंगाची लाही होते.

"माझी वासरं उपाशी वाटली का तुम्हाला? चला गोठ्यात!"

गेलो सगळी वरात घेऊन. निखिलनं सगळी दावण बघितली, वासरांच्या पाठीवरून हात फिरवला.

"छान ठेवलीत, काका. पण सहाच्या सहा माद्याच. तुमच्या म्हशींना नर होत नाहीत का?"

"होतात की. पण ती रेडकं जगत न्हायत."

"जगत न्हायत का जगवत न्हाय, आबा?"

हे निखिलनं नाही, आमच्या स्वातीनं विचारलं! रेडकाला दूध पाजून काय मिळणार, म्हणून त्याला कासेखालून लवकर ओढायचं, हे ती लहानपणापासून बघत आलेली. बाजारात कुणाचं ऐकून न घेणारा मी, दावणीची गाठ उगाच सोडत-बांधत बसलो.

भगवानरावांनाच माझी दया आली. "जाऊ द्या शेठ, माझ्या गोठ्यात बी हेच हाय," म्हणत ते खाली बसले, आणि सोयरीक तिथंच, शेणाच्या वासात जुळली.

जावयानं मागितलं एकच. पुढचं नर रेडकू होईल ते पोटभर पिऊ द्यायचं. दिलं! आज तो दोन वर्षांचा आडमाप रेडा झालाय. ट्रॅक्टरच्या जमान्यात त्याला काम नाही. दिवसभर पेंड खातो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडं रागानं बघतो. गावातली टारगट माणसं दारातूनच विचारतात, "शेठ, थोरलं जावई जेवलं का?"

दूध मी सोडलेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण तुमच्याकडं गोठा असला तर एक विनंती आहे. हिशोब प्रामाणिक ठेवा. उरलेली वासरंच मोजू नका, जन्मलेली सगळी मोजा. नाहीतर माझ्यासारखं व्हायचं. खव्यातली चिमूटभर भेसळ ओळखणाऱ्या ह्या हुशार माणसाच्या गोठ्यात इतकी वर्षं नुसत्या माद्याच जन्मत होत्या!