सायकलच्या सीटवरचं बर्फाचं पान

नेदरलँड्समधल्या एनस्खेडेत त्या सकाळी कडाक्याची थंडी पडली होती आणि मी आनंदाने वेडी झाले होते. अंगणातल्या माझ्या सायकलच्या सीटवर बर्फाचे स्फटिक उगवले होते! कॅमेरा मी आधीच बाहेरच्या शेडमध्ये गार करत ठेवला होता, कारण उबदार लेन्स नुसती जवळ नेली तरी ते वितळतात. श्वास रोखून मी वाकले. तांदळाच्या कणीएवढं एक पान, त्याला शिरा आणि त्या शिरांनाही शिरा! मिळाला फोटो!

पुण्याहून राहायला आलेल्या आईला मी स्क्रीनवर तो दाखवला. तिला ते पान प्रत्यक्षच बघायचं होतं. ती सीटवर अगदी जवळ वाकली आणि म्हणाली, “अगं बाई!”

तेवढ्या उबेने पान वितळलं. मी ओरडलेच, “आई, श्वास!”

“श्वासही घ्यायचा नाही की काय तुमच्याकडे?” असं म्हणत ती फणकाऱ्याने आत गेली.

मी दुसरं पान शोधत होते तोवर दार उघडलं. पुण्यात स्कूटरवर बायका बांधतात तसा आईने तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता. फक्त डोळे दिसत होते, तेही चमकत.

“सरक,” ती स्कार्फच्या आतूनच म्हणाली, “आता बघू दे.”