हिरोशी काकांच्या नावाचा बार

शेजारच्या मिचिको मावशींनी विचारलं, "मला आतषबाजीला नेशील?" आणि मी लगेच हो म्हणाले. लायसन्स मिळून चारच महिने झाले होते आणि घाटात मी कधी गाडी चालवली नव्हती. पण नवरा पुण्याला गेलेला, आणि मावशींचं वय अठ्ठ्याहत्तर. मी नेणार नाही तर कोण?

जपानमध्ये उन्हाळ्यात मोठी आतषबाजी होते. काही ठिकाणी लोक आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाने एक बार उडवून घेतात. इथे कॅलिफोर्नियातही डोंगरातल्या एका तळ्याकाठी जपानी मंडळी हे करतात. मावशींचे यजमान, हिरोशी काका, जानेवारीत गेले. त्यांच्या नावाची नोंदणी झाली होती.

फ्रीमाँटहून आम्ही अकरालाच निघालो. जाणार असाल तर तुम्हीही लवकर निघा, दुपारनंतर फ्रीवे तुंबतो. घाटात मी सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. मागे माझी नऊ वर्षांची इरा म्हणाली, "मम्मा, यू आर सो स्लो." मावशी म्हणाल्या, "छान चालवतेस. मला झाडं बघता येतायत."

पार्किंग वीस डॉलर, फक्त रोख. चटई आणि जाड जॅकेट न्याच, तळ्यावर संध्याकाळी गारठा पडतो. आम्ही तव्यावर परतलेल्या नूडल्स घेतल्या, इराने बर्फाचा गोळा. मावशी निळा सुती किमोनो घालून ताठ बसल्या होत्या.

अंधार पडायच्या सुमारास वारा सुटला. स्पीकरवरून सांगितलं, मोठे बार रद्द. मावशी चटईची कड सारखी करत राहिल्या. मी उठले आणि नोंदणीच्या टेबलापाशी गेले. तिथल्या बाईंना म्हटलं, "आम्ही चार तास गाडी चालवून आलोय. त्यांना हे पहिलं वर्ष चुकवायचं नाहीये."

त्या बाई माझ्यासोबत चटईपर्यंत आल्या, मावशींसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि बराच वेळ जपानीत बोलल्या. मग मावशींनी मला सांगितलं, "लहान बार चालेल का, विचारतायत. मी हो म्हटलं. हिरोशीही उंचीने लहानच होता."

नाव पुकारलं गेलं. पाण्यावरून एक पिवळी रेघ वर चढली आणि शेवंतीएवढं फूल उमललं. बस, एवढंच. मावशींनी हात जोडले. मीही जोडले, आणि मला नागपूरचे माझे बाबा आठवले. ते गेले तेव्हा व्हिसाचे कागद अडकले होते. अंत्यविधी मी फोनच्या स्क्रीनवर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला लॉगिन केलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल दिला.

रात्री गावातल्याच मोटेलमध्ये राहिलो. खोली आधी बुक करा, ऐनवेळी मिळत नाही. सकाळी घाट उतरताना माझे हात स्टिअरिंगवर सैल होते.

फोटो फारसे आले नाहीत. इराचा व्हिडिओ हललेला आहे. पण वाटेत थांबत थांबत संध्याकाळी घरी पोचल्यावर, बॅगा दारातच ठेवून मी नागपूरला फोन लावला. तिथे उजाडत होतं.

"आई, बाबांच्या शेवटच्या दिवसाचं मी तुला कधी विचारलंच नाही. सांगशील?"

आई म्हणाली, "थांब, आधी बसते." आणि दीड तास बोलत राहिली.