करडा कुठून सुरू होतो

दशरथचं नाव सदाशिव पेठेतल्या फोटोवाल्यांत पांढऱ्यासाठी घेतलं जायचं. काळं कुणालाही छापता येतं. पांढऱ्या साडीवरची पांढरी चुणी कागदावर उतरवावी ती दशरथनंच, असं लोक म्हणत. बौद्ध लग्नात नवरानवरी दोघंही पांढऱ्यात, त्यावर कॅमेऱ्याचा झगझगीत उजेड. निगेटिव्हवर साडीच्या जागी अशी दाट काळोखी बसे की पलीकडे उजेड जाईना. मग फोटोत नवरी खांद्यापासून पायापर्यंत नुसता चुना.

त्यावर दशरथचा उपाय होता. निगेटिव्ह लावायच्या आधी तो कोऱ्या कागदालाच चोरट्या उजेडाचा एक घोट पाजायचा. याला फ्लॅश देणं म्हणत. डब्यात कोंडलेला झीरोचा बल्ब आणि डब्याला एक बारीक भोक. उजेड इतकाच द्यायचा, की कागदाची झोप चाळवावी पण त्याचा रंग बदलू नये. मग साडीतून झिरपलेला थेंबभर उजेडही त्याला पुरे होई आणि चुण्या उमटत.

किती द्यायचा, ते पट्टी सांगे. कागदाची पट्टी कापायची, पुठ्ठा बोटबोट सरकवत तिच्यावर कमीजास्त वेळ उजेड पाडायचा, की तिच्यावर घरं पडतात. धुऊन दारापाशी न्यायची. पांढरं संपून पहिला करडा जिथं दिसेल ते घर शोधायचं, आणि त्याच्या अलीकडच्या घराचा वेळ धरायचा. करड्याच्या उंबऱ्यापाशी जायचं, उंबरा ओलांडायचा नाही; ओलांडला की पांढरं मळतं. सगळं गणित एवढंच.

खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या एकीत दशरथची मुलगी आम्रपाली नोकरीला लागली, तोवर डार्करूमचं काम आटत आलं होतं. रंगीत फोटो मशीन छापत होतं. तरी मालक दीनानाथांनी जुन्या हौशी गिऱ्हाइकांसाठी मागची खोली ठेवली होती. आम्रपालीचं लग्न झालं तेव्हा दशरथनं हट्टानं एक रोल काळापांढरा काढवून घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकी छापल्या. आपली आपल्या हातानं छापायची होती.

पहिला फोटो दीनानाथांनी उचलला, चष्मा कपाळावर चढवला.

"दशरथराव, साडी कुठल्या लाँड्रीत दिली होती?"

"का हो?"

"परत तिकडे देऊ नका. मळकी करून दिलीय."

दशरथनं फोटो हातात घेतला. साडी स्वच्छ दिसत होती, चुणी चुणी सुटी. "पांढरीशुभ्र तर आहे," तो म्हणाला. दीनानाथांना एवढ्यावर आणखी एक टोमणा सहज सुचला असता. पण फोटो गल्ल्यावर पालथा ठेवून ते आत गेले, आणि दशरथला ते न बोलणं लागलं.

मग त्याला आठवू लागलं. हल्ली पट्टीवरचा करडा लांब लांब पळत होता. गेल्या दिवाळीत मधल्या घरापाशी भेटायचा, आता पट्टीच्या शेवटाला; तसा उजेडही तो जास्त जास्त देत गेला होता. कागद शिळा असेल म्हणून त्यानं नवा डबा फोडला. बल्ब बदलला. डेव्हलपर ताजं कालवलं. करडा जागचा हलला नाही. आणि एक गोष्ट त्याला आत कुठंतरी टोचत राहिली. कागद मंद असता, बल्ब मेलेला असता, तर जास्त दिलेला उजेड बरोबरच ठरला असता. फोटो मळका आला नसता. तो मळका आला, म्हणजे करडा वेळेवर येत होता. फक्त दशरथला भेटत नव्हता.

मांजरी गावात त्याची आई सरुबाई तांदूळ निवडायची. एका वर्षी घासाघासाला दाताखाली खडे येऊ लागले. "वाणी लबाड हाय," ती म्हणायची, "पांढरं खडं भरून देतोय." वाणी बदलला, खडे राहिले. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा काचबिंदूनं बरीच नजर खाल्ली होती. हा रक्तात उतरतो, मुलांनी डोळे दाखवून घ्यावेत, असं त्यांनी दशरथला बजावलं होतं. त्यानं मान हलवली होती. आई आता भिंत धरून चालते, आणि तो अजून डॉक्टरकडे गेलेला नव्हता.

रविवारी दुपारी आम्रपाली फोटो न्यायला आली. दशरथनं तिला ओली पट्टी दिली आणि दारातल्या उन्हात उभं केलं.

"करडा कुठून सुरू होतो, सांग."

"काय पप्पा, पेपर आहे का माझा?"

"सांग तर."

तिनं सहज बोट ठेवलं. पट्टीच्या मधल्याही अलीकडे.

"नीट बघ."

"नीटच बघतेय. इथून. पुढं तर चांगलंच काळपट आहे."

तिच्या बोटापुढची घरं दशरथला कोऱ्या कागदासारखी दिसत होती. शेवटाला कुठं किंचित सावली होती. त्यानं वाद घातला नाही. आत गेला, तिच्या घराच्या अलीकडचं घर धरून कागदाला उजेड पाजला, निगेटिव्ह लावली, फोटो छापला, धुतला आणि बाहेर आणला.

आम्रपाली कितीतरी वेळ बघत राहिली. "पप्पा, निऱ्या मोजता येतायत. पदराची जाळीसुद्धा."

दशरथ वाकला. कागद नाकापाशी नेला. मुलीचा चेहरा होता, केस होते, हातातली फुलं होती. गळ्याखाली नुसता चुना.

"पदर कुठपर्यंत आलाय?" त्यानं विचारलं.

ती हसायला गेली आणि थांबली. बापाकडं बघितलं. मग त्याचं बोट धरून ओल्या कागदावरून हळूहळू फिरवलं. "खांद्यावरून असा. इथं कोपरापाशी दुमडलाय. दिसत नाही तुम्हाला?"

त्याचं बोट कागदावरच राहिलं. तिचा आवाज बारीक झाला. "आजीसारखं?"

"असेल."

"मी उद्या रजा टाकते. सकाळीच डॉक्टरकडं जाऊ."

"जाऊ," दशरथ म्हणाला. "पण आत्ता आत ये. रोल पुरा व्हायचाय अजून. पट्ट्या तू वाच, मी छापतो."

"उद्या तपासून आल्यावर छापू ना, पप्पा. पळतंय का ते?"

त्यानं पुढची निगेटिव्ह उजेडाकडं धरली, बराच वेळ धरून ठेवली, आणि मग तिच्या हातात दिली. "यात तुझी आई आहे का, बघ," तो म्हणाला, "आणि दार लावून घे."