समोरच्यांचा गोल
वेलचीच्या चहाचा वास आला की मला बहारीनमधल्या सनाबिस गावाचं छोटं फुटबॉल मैदान आठवतं. ड्युटी सुटली की मी तिथल्या टीमची मॅच बघायला जायचो. शेजारी बसणारे एक बहारीनी आजोबा मला थर्मासमधला चहा द्यायचे आणि आमच्या टीमसाठी घसा फोडून ओरडायचे. एकदा समोरच्यांनी गोल केला, तर हेच उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मी गोंधळून म्हटलं, "बाबा, गोल उनका है!" "मालूम," ते मोडक्या हिंदीत म्हणाले, "मेरा लडका गोल मारा. दो साल घर नहीं आया." आमची माणसं रागाने बघत होती, तरी मीही उठून टाळ्या वाजवल्या. तो मुलगा क्षणभर थांबून आमच्याकडे बघत राहिला. आम्ही हरलो, मला वाईट वाटलं की बरं, ते अजून कळत नाही.