वजनात बसले

आठवीत माझी उंची एकदम वाढली. टाचा ठणकायच्या, कबड्डीच्या मैदानात पाय माझं ऐकत नसत. आमचे सर म्हणायचे, "आळस भरलाय तुझ्यात." वाढतंय ते अंग, आळस कसला डोंबलाचा! पण त्यांना मला लहान वजनी गटातच खेळवायचं होतं. म्हणून ते भर उन्हात मला स्वेटर घालून श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर पळवायचे आणि त्यांच्या सांगण्यावरून आई माझ्या ताटातला भात काढून घ्यायची.

स्पर्धेच्या सकाळी मी वजनात बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्याच चढाईत चक्कर येऊन पडले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तर आई रडवेली होऊन म्हणाली, "काय सांगू, काही खातच न्हाय ही!"

शेजारी उभ्या सरांनी मान डोलावली.